तेलावर चालणारं जुनं स्लो-स्पीड इंजिन लोड सोडतं, धूर काढतं, नोजल सारखं काजळी धरतं: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

ही तक्रार इतक्यांदा हाताखालून गेलीये की आता एकदाच नीट लिहून ठेवतो. इंजिन म्हणजे जुनं, एका सिलिंडरचं, जड चाकाचं, ६५० ते १००० आरपीएमला फिरणारं, लिस्टर सीएस (जुनं ब्रिटिश इंजिन) किंवा त्याच नमुन्यावर बनलेलं. इंधन म्हणजे ताजं खाद्यतेल, गाळलेलं तळणीचं तेल, नाहीतर बायोडिझेल (तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून केलेलं इंधन). सुरुवातीचे काही आठवडे इंजिन तेलावर इतकं छान चालतं की वाटतं काही बदल करायची गरजच नाही, आणि मग हळूहळू एकेक लक्षण दिसायला लागतं.

लक्षणं

थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, हँडल मारून दम लागतो. सुरू झालं तरी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, तळणीचा वास असलेला धूर निघतो. गरम झाल्यावर धूर कमी होतो पण लोड टाकला की काळा होतो. आवाजात मधूनच एखादा ठोका चुकतो, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) स्थिर राहत नाही, चाक एकदा पळतं एकदा मंदावतं. सायलेन्सरच्या तोंडातून काळे चिकट थेंब ओघळतात.

आता दोन खुणा ज्या वेगळ्या लक्षात ठेवा. पहिली, नोजल (सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा सोडणारा भाग) काढून साफ केलं की इंजिन पुन्हा ठणठणीत होतं आणि थोड्याच दिवसांत परत तेच. दुसरी, गेजकांडीवर इंजिन ऑइलची लेव्हल आपण काही न भरता वर आलेली दिसते किंवा ऑइल दाट झालेलं असतं. ही दुसरी खूण दिसली तर बाकीचं काही वाचत बसू नका, इंजिन बंद ठेवा आणि सरळ खाली इंजिन ऑइलच्या भागाकडे या. बाकी सगळ्या बिघाडांत पैसे जातात, त्या एका बिघाडात इंजिन जातं.

बहुतेक लोक पहिल्या खुणेला "नोजल खराब" म्हणतात, नवं नोजल घालतात, तेही धरतं, मग तिसरं घालतात. माझं म्हणणं असं की नोजलवर दिसतो तो परिणाम आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं, इंजिन थंड आणि हलक्या लोडवर चालतंय आणि इंधन दाट आहे. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा, नोजलला सगळ्यात आधी हात लावायचा नाही.

असं का होतं हे दोन आकड्यांत कळतं. ४० अंश सेल्सियसला डिझेलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते आणि त्याच तापमानाला खाद्यतेलाची ३० ते ४०. म्हणजे नोजलला जो फवारा करायचाय तो होतच नाही, जाड थेंब उडतात, ते पूर्ण जळायच्या आत पिस्टनच्या डोक्यावर आणि लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भिंतीवर बसतात. तेच तेल ८०-९० अंशाला नेलं की १० सेंटिस्टोकच्या आसपास येतं आणि चित्र बदलतं. बायोडिझेल मात्र ४० अंशालाच ३.५ ते ५ मध्ये असतं, म्हणून त्याच्या तक्रारी दाटपणाच्या कमी आणि कचरा, पाणी, रबर यांच्या जास्त. कुणी सांगेल की १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, मग आता काय अडचण. चालवलं होतं, खरंय. पण प्रदर्शनात थोडा वेळ चालणं वेगळं आणि रोज आठ तास वर्षभर चालणं वेगळं, आणि आपली सगळी भांडणं त्या दुसऱ्या गोष्टीशी आहेत.

पहिली तपासणी: टाकीत शुद्ध डिझेल

खर्च म्हणाल तर थोडं डिझेल. लाइन, फिल्टर सगळं रिकामं करून डिझेल भरा, हवा काढा आणि इंजिन चांगल्या लोडवर दीड-दोन तास चालवा. धूर गेला, ठोके सरळ झाले, लोड घेतला तर इंजिन मुळात चांगलं आहे, दोष इंधनात किंवा तापमानात आहे. डिझेलवरही तीच रड असेल तर दोष नोजल, व्हॉल्व्ह, रिंगा यांच्यात आहे आणि तेलाला शिव्या देऊन उपयोग नाही. या एका तपासणीने अर्धा रस्ता कापला जातो, तरी लोक ती टाळतात आणि थेट पाने घेऊन बसतात.

सुरूच होत नसेल तर एक सांगतो. डिकंप्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरचा दाब सोडणारा) उचलून हँडल मारत राहिलात तर पंप दर दोन फेऱ्यांना सिलिंडरमध्ये तेल टाकतच असतो. ते साठतं आणि मग इंजिन पेटतं ते भलत्याच जोरात. पाचसहा प्रयत्नांत पेटलं नाही तर इंधन बंद करून, लिव्हर उचलून, इंजिन नुसतं फिरवून ते साठलेलं बाहेर जाऊ द्या. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. चाक उलटं मारलं तर अंगठा वाचतो.

टाकी, नळी, फिल्टर

टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं, ते तेलाच्या चिकट्याने बुजतं. मग तासभर इंजिन नीट चालतं आणि नंतर उपाशी मरायला लागतं, झाकण सैल केलं की परत सुधारतं. एवढी साधी गोष्ट असते, ती आधी बघा.

मग पंपाला येणारी नळी पंपापाशी सोडून खाली भांडं धरा. धार पडायला पाहिजे, सलग. थेंब थेंब पडत असेल तर इंजिन उपाशी आहे. हे पहाटे थंड असताना आणि दुपारी, दोन्ही वेळा करा, कारण तेल दुपारी वाहतं आणि पहाटे फिल्टरच्या कागदातून पुढे सरकत नाही. फरक मोठा दिसला तर फिल्टर मोठा घ्या, नळी जाड घ्या किंवा टाकी थोडी उंच करा.

नुकतंच बायोडिझेलवर आला असाल तर पहिल्या काही टाक्यांना फिल्टर काळे होऊन बसणार हे धरूनच चाला. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरला आणून लावतं. हा दोष नाही, सफाई आहे, दोनतीन फिल्टर जवळ ठेवा, गाळ संपला की थांबतं. रबराचं मात्र तसं नाही. साधी रबरी नळी बायोडिझेलने फुगते, मऊ पडते, आतून तिचं साल सुटतं आणि फिल्टरच्याही पुढे जाऊन बसतं. बाहेरून नळी बरी दिसते. बोटांनी दाबून बघा, चिकट किंवा लिबलिबीत लागली तर बदला, व्हायटॉनची (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराची) नळी आणि ओ-रिंग टिकतात. तांबं, पितळ, जस्त, शिसं यांचंही बायोडिझेलशी जमत नाही, इंधन लवकर बिघडतं आणि गाळ धरतं, त्यामुळे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा टाकीला नको आणि जुन्या पितळी कॉकमध्ये बायोडिझेल महिनोन्महिने उभं ठेवायचं नाही.

नळी उघडली की हवा धरणारच. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी डिलिव्हरी पाइपचा नट, या क्रमाने हवा काढा. दाट तेलातून बुडबुडे सावकाश निघतात, डिझेलसारखं दोन मिनिटांत आटोपायला जाऊ नका.

इंधन स्वतः

पाणी बघायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे जुना तवा चांगला तापवायचा आणि लांबून दोन थेंब टाकायचे. तडतडलं तर पाणी आहे. शांत राहिलं तर ठीक. डोळ्यांना चष्मा आणि आजूबाजूला पेटणारं काही नको. पाण्याने पंपाचा एलिमेंट (आतला दाब देणारा दट्ट्या) आणि नोजलची सुई गंजते, आणि ते दोन भाग इतक्या बारीक फिटिंगचे असतात की थोडा गंजही त्यांना संपवतो. तळणीचं तेल गरम करून दोनतीन आठवडे स्थिर ठेवा, खालचा गढूळ थर पूर्ण सोडून वरचंच काढा, आणि मग ५ मायक्रॉनपर्यंत गाळा. कापडातून गाळलेलं तेल डोळ्याला स्वच्छ दिसतं पण नोजलला ते स्वच्छ नसतं. फार वापरून आंबट झालेलं तेल तर घेऊच नका, त्यातली आम्लं पंप खातात.

बायोडिझेल असेल तर ते पूर्ण झालंय का हे बघायला २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवा आणि अर्धा तास ठेवा. सगळं विरघळून स्वच्छ राहिलं तर चांगलं. तळाशी तेलाचे थेंब बसले तर रिॲक्शन अर्धवट राहिलीये, म्हणजे तुम्ही बायोडिझेल समजून कच्चं तेलच जाळताय. दुसरी चाचणी, बरणीत निम्मं बायोडिझेल निम्मं पाणी घेऊन जोरात हलवायचं. थोड्या वेळात दोन थर स्वच्छ वेगळे व्हायला पाहिजेत. मध्ये फेसाळ पांढरट थर राहिला तर साबण शिल्लक आहे आणि तोच फिल्टर बुजवतोय. मिथेनॉल विषारी आहे, थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ही चाचणी मोकळ्या हवेत, हातमोजे घालून.

कोणतं तेल हाही प्रश्न आहे. तेल हवेत किती लवकर राळ धरतं याचा अंदाज आयोडीन व्हॅल्यूवरून येतो. जवसाची १७० ते २००, म्हणूनच ते रंगात वापरतात, वाळून कातडं धरतं. सोयाबीन आणि सूर्यफूल साधारण १२० ते १४०, शेंगदाणा ८५ ते १०५, पाम पन्नासेक, खोबरेल दहाच्या आसपास. आकडा जितका मोठा तितकी रिंगांत आणि इंजिन ऑइलमध्ये राळ लवकर. जवस तर इंजिनाच्या जवळही नको. उलट बाजूला खोबरेल आणि पाम राळ धरत नाहीत पण थंडीत गोठतात, खोबरेल २४-२५ अंशाच्या खालीच घट्ट व्हायला लागतं, म्हणजे टाकीच गरम ठेवावी लागते.

तापमान आणि लोड, खरं दुखणं इथे आहे

या इंजिनांना बहुधा पाण्याची मोठी टाकी आणि थर्मोसायफन असतं, पंप नाही, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नाही. पाणी गरम होऊन वर जातं, थंड खाली येतं. डिझेलवर हे चालून जातं. पण टाकी मोठी आणि लोड कमी असला की इंजिन दिवसभर कोमटच राहतं, पाण्यावर हात ठेवता येतो आणि मालक खूश की इंजिन तापत नाही. तेलावर चालवताना हीच सगळ्यात वाईट अवस्था आहे. थंड भिंतीला लागलेला तेलाचा थेंब जळत नाही, तिथेच शिजतो, काजळी आणि राळ होऊन बसतो किंवा रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो.

हाताने अंदाज करू नका, हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे थर्मामीटर लावा. ८५ ते ९० अंश पाहिजे. कमी असेल तर त्याच जागी थर्मोस्टॅट बसवा, त्याच्या तबकडीला एक छोटं भोक ठेवा म्हणजे हवा अडकत नाही आणि थोडं पाणी फिरत राहून थर्मोस्टॅटला गरमी कळते. या एका बदलाने जितकी इंजिनं सुधारलेली बघितली तितकी नव्या नोजलने नाहीत.

मग लोड. इंजिनाच्या ताकदीच्या दोनतृतीयांश तरी लोड असावा. रिकामं किंवा नुसत्या दोन दिव्यांवर तासन्‌तास फिरवायचं असेल तर ते तास डिझेलवरच काढा.

कच्च्या तेलाला, म्हणजे बायोडिझेल न केलेल्या खाद्यतेलाला, दोन टाक्या लागतात, यात मला तडजोड दिसत नाही. सुरू डिझेलवर, गरम झालं की गरम तेलावर, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोजलमध्ये रात्रभर तेल उभं राहत नाही. इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. हे इंजिन पितं किती, तर सहा हॉर्सपॉवरचं पूर्ण लोडला तासाला साधारण दीड लिटर. फिल्टरच्या वाटीत आणि नळीत मिळून अर्धा लिटर तेल असेल तर ते संपायलाच पूर्ण लोडला वीस मिनिटं जातात, हलक्या लोडला त्याहून कितीतरी जास्त. आणि लोक पाच मिनिटं आधी डिझेलकडे कॉक फिरवून समाधानाने इंजिन बंद करतात. कॉक पंपाच्या जितका जवळ तितकं बरं, आणि तेलाचा फिल्टर कॉकच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला.

तेल तापवायला इंजिनाचंच गरम पाणी वापरा, नळी पाण्याच्या पाइपात घालून किंवा बाजूने बांधून. सायलेन्सरला नळी गुंडाळायचा शॉर्टकट करू नका, तिथलं तापमान हाताबाहेर जातं, तेल नळीतच करपतं आणि जोड सुटला तर आग.

इंजिन ऑइल

गेजकांडीवरचं ऑइल दोन बोटांत घेऊन बोटं सावकाश लांब करा. मधासारखी तार सुटली तर ऑइल संपलंय. लेव्हल वाढली असेल तर इंधन खाली उतरतंय. डिझेल उतरलं तर गरम ऑइलमधून ते काही प्रमाणात उडून जातं, खाद्यतेल उडत नाही, त्याचा फ्लॅश पॉइंटच (वाफ पेट घेते ते तापमान) ३०० अंशाच्या आसपास. ते तिथेच राहतं, उष्णता, हवा आणि धातू यांच्या संगतीने राळ धरायला लागतं. बरेच दिवस काही कळत नाही आणि मग एकदम थोड्या तासांत ऑइल जेली होतं. ज्या इंजिनात बिगएंडचा (क्रँकला जोडलेल्या दांड्याच्या खालच्या टोकाचा) चमचा ऑइल उडवून सगळीकडे पोचवतो तिथे जेली उडत नाही, बेअरिंग कोरडं पडतं आणि क्रँक जातो.

म्हणून तेलावर चालवताना ऑइल बदलायचा काळ पुस्तकात दिलाय त्याच्या निम्म्यावर आणा आणि तार सुटायला लागली तर त्याच दिवशी बदला. दाट ऑइलमध्ये डिझेल मिसळून पातळ करून काम काढायचं, हे नको. जेली दिसली तर नुसतं ऑइल सोडून भागत नाही, बाजूचं दार उघडून तळ खरवडून पुसावा लागतो. आणि ते पुसलेले तेलकट बोळे ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

व्हॉल्व्ह आणि कंप्रेशन

इथवर सगळं ठीक असेल तर इंजिनाकडे वळा. थंड इंजिनाची टॅपेट गॅप (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) फीलर गेजने बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांडीला राळ धरली तर व्हॉल्व्ह सावकाश बसतो. झाकण काढून, इंजिन हाताने फिरवून बघा, व्हॉल्व्ह झटकन बसायला पाहिजे. मग लिव्हर खाली ठेवून चाक कंप्रेशनवर न्या आणि सोडा, ते उसळी मारून मागे यायला पाहिजे. नुसतं फुस्स करून पुढे सरकत असेल तर हवा कुठून जाते ते ऐका. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमधून आला तर इनलेट, ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) आला तर रिंगा. हेडला चेंजओव्हर व्हॉल्व्ह (कंप्रेशन कमीजास्त करायचा) असेल तर तो काजळीने अडकलाय का तेही बघा.

आता नोजल

काढा आणि आधी न पुसता बघा. टोकाभोवती काजळीचं फूल उमललेलं असेल तर थंड जळण, वर लिहिलेलं तापमानाचं प्रकरण. टोक ओलं असेल तर सुई गळते. साफ करताना पितळी ब्रश आणि डिझेलमध्ये भिजवणं एवढंच, पोलादी तार, एमरी कागद, सुई घालून भोक मोकळं करणं यातलं काही नाही, भोकाचा आकार बिघडला की फवारा कायमचा गेला. बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला आणि जुना खाली चिकटून राहिला नाही ना ते बघा, दोन वॉशर झाले की नोजल वर राहतं आणि लगेच काजळी धरतं.

नोजल बाहेर पाइपला लावून चाक फिरवून फवारा बघायची सवय अनेकांना आहे. ती सोडा. तो फवारा कातडीतून आत जातो, वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला हॉस्पिटल आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाने इंधन आत गेलंय.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

नोजलचं प्रेशर सेट करणं आणि पंपाचा एलिमेंट हे टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोजलवाल्याचं काम. ब्रीदर भकाभक धूर टाकत असेल म्हणजे रिंगा राळेने अडकल्यात, हेड आणि पिस्टन काढायचा अनुभव नसेल तर मेकॅनिक, आणि लायनर आरशासारखा चकचकीत झाला असेल तर होनिंगला (आतून घासून पुन्हा खरखरीत करायला) मशीन शॉप. खालून ठोका ऐकू आला, चाकाला तडा दिसला किंवा किल्लीपाशी (चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरीपाशी) चाक हललं तर इंजिन एक फेराही फिरवू नका. इंधन बंद करूनही इंजिन पळत राहिलं तर ते स्वतःचं ऑइल जाळतंय, जवळ न जाता हवा बंद करता आली तर लाकडी फळीने एअर इनलेट दाबा, नाही तर लांब व्हा. टायमिंगला (इंधन कधी सुटतं त्या वेळेला) स्वतःहून हात लावू नका, तेलावर थोडं आगाऊ टायमिंग लागतं असं बोललं जातं, पण थंड इंजिन आणि घाण नोजल असताना टायमिंग फिरवलं की खरा दोष झाकला जातो आणि ठोका वाढतो.

नोजल बेंचवर देताना आधी साफ करून देऊ नका. आहे तसं द्या, इंधन कोणतं जाळता ते सांगा, आणि उघडायचं जुनं प्रेशर किती आलं, फवारा कसा होता हे तुमच्यासमोर बघून कागदावर लिहून घ्या. पुढच्या वेळी तेच नोजल परत आलं की दोन कागद शेजारी ठेवायचे. प्रेशर तसंच आणि फक्त काजळी असेल तर नोजलवर एक पैसा घालू नका, थर्मामीटरकडे बघा.